दिलशाद, तुझे केस मी धुतले

दिलशाद,

उद्या अकरा वाजता फौजदार बाई येणार आहेत. ठाण्यात बोलावत नाही, घरीच येते म्हणाल्या. मी दूध जास्त घेऊन ठेवलंय. पुढच्या खोलीतला कापूस आवरून एका बाजूला केलाय. आज तीनदा आवरला, तरी परत हात तिकडेच जातो. तुला माहीत आहे, परक्या माणसासमोर माझ्या तोंडातून आवाज निघत नाही. म्हणून आधी तुला सांगून बघते. तुझ्यासमोर माझं कधी अडलं नाही.

तू जाऊन बावीस दिवस झाले. बावीस दिवस सगळे तुझ्याविषयी बोलतायत. टीव्हीवर एक जण म्हणतो, पाचगणीच्या बंगल्यात बाथरूममध्ये पाय घसरला. दुसरा म्हणतो, गोळ्या खाल्ल्या. तिसरा म्हणतो, काम मिळत नव्हतं, दारू वाढली होती, मन खचलं होतं. मधे मधे तुझी गाणी लावतात. सिनेमातलं तुझं नाव घेतात, ते मी इथं लिहीत नाही. त्या नावाच्या बाईला मी ओळखत नाही. मी ओळखते ती आष्ट्याच्या बांगडीवाल्यांची दिलशाद, चौथीपर्यंत माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली, माझी पाटी पुसून स्वतःचं चित्र काढणारी.

त्या दिवशी तुझी मय्यत दुपारी तीनला आष्ट्याला आली. तुझ्या कपाळावर पट्टी होती, बरोबर तिकडच्या डॉक्टरची चिठ्ठी होती. तुझा नवरा म्हणाला, असरच्या नमाजानंतर लगेच दफन करू, उगाच ठेवायला नको. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मय्यत थांबवू नये असं आपणच म्हणतो. तो एक शब्द बोलला नसता तरी आम्हीच घाई केली असती. हे आठवलं की मी बसलेली उठते, आणि उठून काय करायचं ते कळत नाही.

गुस्ल द्यायला मलाच बोलावलं. गल्लीतली राबिया खाला गेल्यापासून अकरा वर्षं बायकांना शेवटची आंघोळ मीच घालते. खालाने मला शिकवलं होतं. "पाणी कोमट. आधी उजवी बाजू. चादरीखाली हात घालायचा, डोळं घालायचं न्हाईत. आनि जे दिसंल ते तितंच ठिवायचं. चांगलं दिसलं तर चार जणींत सांग. वाईट दिसलं तर गिळ." मी कुणाशी बोलत नाही, म्हणूनच तिने मला निवडलं असणार. लोकही त्याचसाठी बोलावतात.

तुझी भावजय पाणी ओतत होती. मी केस धुवायला घेतले. मय्यतीच्या केसांत कंगवा घालत नाहीत, बोटांनीच करायचं असतं. कपाळावरची जखम सगळ्यांनी बघितली होती, ती पुढे होती. माझा हात मागे गेला. उजव्या कानाच्या मागे, थोडं वर. माझा तळवा झाकेल एवढी जागा मऊ लागली, आणि त्या मऊपणाच्या खाली कड लागली.

दिलशाद, मी नवव्या वर्षापासून गाद्या भरते. गादी शिवून झाली की डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवते, कुठे गाठ राहिली का बघते. हरभऱ्याएवढी गाठ असली तरी टाका उसवून काढते. माझ्या हाताला काय लागलं ते मला कळलं. मग चादरीखाली तुझे दंड धुताना दोन्हीकडे निळं दिसलं. प्रत्येक दंडावर बोटांचे ठसे, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक.

आणि मी काय केलं? चादर वर ओढली. तुझ्या भावजयीला दिसू नये म्हणून. मला शिकवलं होतं तेच केलं. मनात म्हणालेही, बाई, तुझी लाज राखली. केसांचे दोन भाग करून छातीवर घेतले, ओढणी नीट बांधली, कापूर लावला. पडद्याच्या बाहेरून तुझ्या नवऱ्याने विचारलं, "सगळं ठीक झालं ना?" मी म्हणाले, "व्हय." थोड्या वेळाने त्याने परत विचारलं, "म्हणजे, काही अडचण नाही ना?" मी म्हणाले, "न्हाई, झालं."

त्या माणसाशी मी सहा वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. बोलले ते हे.

तुला लहानपणीचं काही आठवत होतं का गं, तिकडे? आमच्या घरात पिंजलेल्या कापसाचा ढीग असायचा. त्यावर चढून तू राणी व्हायचीस आणि मला शिपाई करायचीस. शिपायाला बोलायचं नसायचं, म्हणून मला ते काम आवडायचं. शेवटी राणी मरायची. मागे न बघता तू पाठीवर पडायचीस, हात पसरून, आणि कापूस तुला धरायचा. अब्बा ओरडायचे की कापूस चपटा झाला. तू पडल्या पडल्या एक डोळा उघडून म्हणायचीस, "चाचा, मेलेल्या मानसाला रागवू ने." अब्बांना हसू यायचं आणि तुझं काम व्हायचं.

चौथीनंतर मला कामाला बसवलं. तू हायस्कुलात गेलीस, तिथून नाटकात, नाटकातून मुंबईला. मी मनात धरून होते की तू मला विसरशील. तू विसरली नाहीस. हे मी तुला कधी म्हणाले नाही, आता म्हणते. एवढी मोठी झालीस, पण रविवारी दुपारी फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं. "बसलीस का कापसात?" आणि मग तासभर तू बोलायचीस, मी हूं हूं करायचे. माझ्याइतकं ऐकून घेणारं मुंबईत कुणी नाही म्हणायचीस. मला ते इतकं गोड वाटायचं की आपण नुसतं ऐकतोय, विचारत काहीच नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तुझ्या दुसऱ्या सिनेमात तू मरतेस. आष्ट्याच्या थेटरात गल्लीतल्या सगळ्या बायका गेलो होतो. तू जिन्यावरून पडलीस आणि तुझी अम्मा, आमच्या चाची, खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. "ऊठ गं दिलशे, लोकं बघाय लागल्यात." अख्खं थेटर हसलं. मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू हसून हसून खोकायला लागलीस. म्हणालीस, "अम्माला सांग, फुडच्या सिनेमात शेवटपतोर जगते." आणि खरंच पुढचे काही सिनेमे तू मरणाऱ्या बाईचं काम घेतलं नाहीस. निर्मात्याला काय कारण दिलंस कोण जाणे.

मग तो भेटला, लग्न झालं. मग तुझे फोन कधी दोन रविवारी, कधी महिन्यात एक.

सहा वर्षांपूर्वी तुझी पाठ दुखायला लागली. फोमवर झोप येत नाही, येऊन कापसाची गादी भरून दे म्हणालीस. मी आणि आमचे हे, दोघं कापसाचे बोचके घेऊन टेम्पोतून मुंबईला आलो. आठ दिवस तुझ्या गॅलरीत बसून काम केलं. त्या आठ दिवसांत जे बघितलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारपासून तू प्यायला बसायचीस. दोनदा तुला मी फरशीवरून उचललं. मी तुला चांगली करून लिहीत नाही. आणि चौथ्या दिवशी सकाळी तू खोलीतून बाहेर आलीस तेव्हा तुझ्या जबड्याखाली काळंनिळं होतं. तुझी मेकअपवाली बाई काही न विचारता स्टूल घेऊन बसली आणि रंग लावायला लागली. म्हणजे रोजचंच होतं.

आरशात बघून तू म्हणालीस, "बघ, गेलं का न्हाई?"

"कुटं गेलं? वर रंग बसला."

"तेवढंच लागतंय कॅमेऱ्याला."

"घरी चल दिलशाद."

"घरी यिऊन काय करू? तुज्यासंगं गाद्या शिवू?"

"शिव की. हात काय झडत न्हाईत."

तू हसलीस. मग एकदम तुझा चेहरा कठीण झाला. "तुजा नवरा हात उचलत न्हाई म्हणून तुला समदं सोपं वाटतंय. माज्याकडं सोळा मानसं जेवत्यात. मी उठले तर समदी उठतील." मी म्हणाले, सोळा माणसांत एकानेही तुझं थोबाड बघितलं नाही का? ते तुला लागलं. तू म्हणालीस, यातलं एक अक्षर अम्माला कळलं तर तुझी माझी ओळख संपली. कुराणावर हात ठेवायला सांगणार होतीस, पण मी तसाच शब्द दिला. गादी पूर्ण केली आणि निघालो. वर्षभर तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. नंतर एका रविवारी "बसलीस का कापसात" म्हणालीस, आणि आपण दोघींनी ते भांडण तिथेच सोडलं. कोण बरोबर, ते ठरलंच नाही. मला अजून वाटतं मी बरोबर होते. आणि बरोबर असून गप्प बसले, याचं काय करायचं ते कळत नाही.

तुझा शेवटचा फोन तू जाण्याच्या चार दिवस आधी आला. आवाज स्वच्छ होता, प्यायलेली नव्हतीस.

"एक सिंगल गादी भर."

"पावन्यांला का?"

"मला."

"तुजा पलंग तर एवढा मोटा हाय."

"म्हणून तर सिंगल. आनि इकडं धाडू नगंस. आष्ट्यातच ठेव, मी येते."

आता कुणालाही कळेल. मला तेव्हा कळलं नाही. मी विचारलं काय, तर कापड कुठल्या रंगाचं घेऊ.  मग म्हणालीस, "कुटलंबी घे. फुलं नगंत."

म्हणून तू गोळ्या खाल्ल्यास हे मला पटत नाही. ज्या बाईला फुलं नको आहेत, ती त्या गादीवर झोपायचा विचार करत होती.

पण परत मीच माझ्याशी भांडते. तू पडायचीस हे मी बघितलं आहे. दंडावरचं निळं उचलताना झालं असेल. चार माणसांनी धरून गाडीत घातलं असेल. पण डोक्याचं? एकदा पडलेल्या माणसाला पुढेही लागतं आणि मागेही, असं होतं का? होत असेलही. मला ठाऊक नाही. कुणी काय केलं हे मी बघितलेलं नाही आणि तसं मी म्हणणारही नाही. माझ्या हाताला लागलं तेवढं माझं आहे.

चौकशी करा म्हणून पोलिसांत अर्ज तुझ्या त्या मेकअपवाल्या बाईने दिलाय. तीही झाकत होती, मीही झाकलं. तिने माझ्या आधी तोंड उघडलं. फौजदार बाई आल्या, तुझ्या भावाने सांगितलं आमची काही तक्रार नाही. मग त्यांनी विचारलं, आंघोळ कुणी घातली? आणि माझं नाव निघालं.

मी मौलाना साहेबांच्या घरी गेले. पडद्याआडून विचारलं, गुस्ल देणारीने बोलावं का? ते चांगले आहेत, पण घाबरले. मोठ्या आलिमांना विचारून सांगतो म्हणाले. त्याला दोन शुक्रवार होऊन गेले.

जेवताना आमचे हे म्हणाले, "तू डाक्टर हायस व्हय? हाताला गाठ लागली आनि ही निघाली साक्ष द्याय. कोर्टात इचारतील, किती शिकलाय बाई? काय सांगशील?"

"चौथी."

"आनि मग इचारतील, तुमाला गाठीतलं काय कळतंय?"

  त्यांचा घास हातात तसाच राहिला. मी भरलेल्या गादीत गाठ राहिली, अशी एक तक्रार त्यांनी आजवर ऐकलेली नाही. शेवटी म्हणाले, "बघ बाई. सांगायचं तर सरळ सांग. मधी थांबू नगंस."

आणि काल दुपारी चाची आल्या, काठी टेकत, एकट्या.

"कबर उकरतील म्हणत्यात."

"व्हय चाची."

"माजी लेक जलमभर लोकांनी बघितली गं. कंदी साडीत, कंदी कशात. आता मातीत झाकली तर तितंबी बघू द्यायची?"

 त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "तू गुस्ल दिलंस. तुला ठावं हाय, काय बोलत नसत्यात ते." मग आवाज खाली आला. "काय बघितलंस गं तू?"

मी म्हणाले, "चा टाकते."

आत जाऊन स्टोव्ह पेटवला. बाहेर आले तर त्या निघून गेल्या होत्या.

दिलशाद, खाला म्हणायची ऐब झाक. कालपासून तेच घोळतंय. ऐब म्हणजे मेलेल्या माणसाचं उणं. कुणाला कोड असतं, कुणाचा चेहरा वाकडा होतो. ते त्याचं त्याच्याबरोबर जावं, मागे चर्चा नको. बरोबर आहे. पण तुझ्या डोक्यामागचं ते तुझं उणं नव्हतं. ते दुसऱ्या कुणाचं होतं, आणि मी ते तुझ्याच कफनात गुंडाळून तुझ्याबरोबर पाठवलं. एवढं मला समजलंय. बाकी मौलाना साहेब सांगतील तेव्हा सांगतील.

 उरलेलं उद्या लिहिते.

फौजदार बाई येऊन गेल्या.

त्यांच्या आधी चाची आल्या, साडेदहालाच. मला वाटलं अडवायला आल्या. पुढच्या खोलीत कापसाच्या बोचक्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी हितंच बसनार." फौजदार बाई वयाने आपल्या लेकीएवढ्या, विट्याकडच्या. शिपायाला बाहेर थांबवलं, चप्पल काढून आत आल्या. नाव विचारलं, वय विचारलं, शिक्षण विचारलं. तिथवर जमलं. मग म्हणाल्या, "काकी, आंघोळ घालताना काय दिसलं?"  माझे ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्यांनी पाणी दिलं. परत विचारलं. परत तेच.

चाची म्हणाल्या, "तिला बोलाय जमत न्हाई. ल्हानपनापास्नं तशीच हाय." आणि मग माझ्याकडे वळून, "बोलू नगंस. दाव."

मी उठले आणि चाचींच्या पुढ्यात खाली बसले. डोक्यावरचा पदर मागे घेतला. त्यांचा हात धरून माझ्या उजव्या कानामागे, थोडा वर ठेवला. "इथं," म्हणाले. आवाज आला. "एवढं. वरनं मऊ. आत कड."

चाचींचा हात तिथेच राहिला. फौजदार बाई लिहायच्या थांबल्या होत्या. मी दंड दाखवले, चार बोटं कुठे, एक कुठे. चादर मीच ओढली तेही सांगितलं. बाहेरून दोनदा विचारलं आणि मी दोनदा ठीक आहे म्हणाले, तेही. मग मुंबईचे आठ दिवस सांगितले. सिंगल गादी दाखवली, ती कोपऱ्यात उभी आहे. एकदा सुरू झाल्यावर मी मधे थांबले नाही. चाची ऐकत होत्या आणि त्यांची बोटं माझ्या केसांत हळूहळू फिरत होती, तीच जागा परत परत चाचपत होती.

बाईंनी सगळं वाचून दाखवलं. मी पूर्ण नाव लिहून सही केली, मेहरुन्निसा, जोडाक्षरासकट. मग त्या चाचींना म्हणाल्या, "आजी, इतक्या दिवसांनी कातडीवरचं काही राहत नाही. पण हाडाला लागलं असेल तर ते दिसतं. त्यासाठी उघडावं लागेल. वरून हुकूम येईल, पडदा लावून, सकाळच्या वेळी करू. तुमची ना असेल तर तेही मी लिहून घेते."

 बाहेर शिपाई कुणाशी तरी उसाच्या तोडीविषयी बोलत होता, ते सगळं ऐकू येत होतं.

"उगडा," चाची म्हणाल्या. "पर परत झाकायला हिलाच बोलवा. दुसऱ्या कुनाचा हात लागला न्हाई पायजे."

आपल्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. मीही कधी गेले नाही. बाईंनी लिहून घेतलं. मी जाणार आहे.

तुला दिलेला शब्द मोडला, दिलशाद. तू रागावली असशील तर असू दे. आपलं ते भांडण माझ्याकडून तरी मी आज पुढे नेलं.

बाई गेल्या. चाची गेलेल्या नाहीत. बोचक्यावरून उतरून खाली बसल्यात आणि कापसातली सरकी निवडतायत. मी लिहितेय ते बघून विचारलं, "कुनाला लिवतीस?"

"दिलशादला."

त्यांनी मान हलवली, जणू तू सांगलीला राहायला गेली आहेस. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तिला इचार, मला का सांगितलं न्हाईस."

विचारते आहे. तुझी अम्मा विचारते आहे, तिला का सांगितलं नाहीस.

मी लिहून संपवलं तरी चाचींची नजर माझ्यावरच होती. हातातली सरकी त्यांनी खाली ठेवली.

"आनि तू?"

दिलशाद, पेन ठेवते. याचं उत्तर लिहून चालणार नाही.